श्रद्धा घरात का ठेवत नाही?

"तुमची श्रद्धा तुमच्यापाशी असू द्या की! सगळ्यांना सांगत कशाला फिरता?" ऑफिसात, सोसायटीत, अगदी लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न मला हमखास येतो. कुणी काळजीने विचारतं, कुणी जरा रागाने. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सरळच सांगते.

येशू माझ्यासाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. एवढी मोठी गोष्ट खरी मानायची आणि शेजारच्याला तिचा पत्ताही लागू द्यायचा नाही, हे माझ्याच्याने होत नाही. ती फक्त ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांसाठी असती तर मी गप्प बसले असते. पण प्रभूने शिष्यांना सगळ्या जगात जायला सांगितलं. त्यातून कुणाची जात, भाषा, हुद्दा वगळला नाही. म्हणून घरकामाला येणाऱ्या ताईंनाही सांगते आणि आमच्या साहेबांनाही.

मात्र कुणाचं मन बदलणं माझ्या हातात नाही. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं, की रोप मी लावलं, अपुल्लोस या दुसऱ्या प्रचारकाने पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. देवाच्या सामर्थ्यावर ज्याचा खरा भरवसा आहे त्याला आमिष लागत नाही, धाक लागत नाही, वादात समोरच्याला हरवावंही लागत नाही. पैशाचं किंवा नोकरीचं गाजर दाखवून कुणी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, देत असेल, तर मला त्याची चीड येते. सुवार्तेत, म्हणजे येशूच्या शुभवार्तेत, स्वतःची ताकद आहे, यावर त्याचाच विश्वास नाही.

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत रेव्हरंड टिळकांचं नाव आजही निघतं. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, दिला. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण, हे काही कळलं नाही. त्याने पुस्तक हातात दिलं आणि तो आपल्या वाटेने गेला. लक्ष्मीबाई तर नवऱ्याच्या धर्मांतराने कोसळल्या. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत एकत्र आल्यावरही सोवळं पाळत राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक वारले, तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य अर्धवट राहिलं होतं. ते याच बाईंनी पुरं केलं. नवऱ्याच्या धाकाने ख्रिस्ती झालेल्या बाईच्या हातून हे झालं नसतं.

आता माझ्या शेजारच्या काकूंचं सांगते. काका आयसीयूत होते तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तुझ्या देवाला सांग गं." बाहेरच्या बाकड्यावर बसून मी त्यांचा हात धरला आणि मोठ्याने प्रार्थना केली. आजूबाजूचे नातेवाईकही ऐकत होते. काका बरे होतील असं वचन मी दिलं नाही, ते देणारी मी कोण? काका गेले. देवाचं सामर्थ्य आपल्या मागण्यांवर मोजायचं असतं तर माझा विश्वास त्याच दिवशी संपला असता. पण मरणावर ज्याने जय मिळवला, त्याच्याकडेच मी त्या रात्री पुन्हा रडले.

दहावा-तेरावा झाल्यावर काकूंनी मला बोलावलं आणि "ते मेंढपाळाचं वाच" म्हणाल्या. मी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र वाचलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." तेव्हापासून अधूनमधून त्या ते वाचायला सांगतात. त्यांच्या देव्हाऱ्यात विठोबा आहे, आषाढीचा उपासही त्या धरतात. माझं त्यांच्याकडचं जाणंयेणं त्या ख्रिस्ती होतील की नाही यावर अवलंबून नाही. पण त्यांच्यासाठी मी रोज नाव घेऊन प्रार्थना करते, आणि हे त्यांना ठाऊक आहे.

परवा त्यांनी विचारलं, "तो मेंढपाळ म्हणजे तुमचा येशूच का गं?" मी "हो" म्हटलं, आणि बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढला, जिथे येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणतो.