धार चांगली, तरी हेड गरम : जुन्या आउटबोर्ड मोटरचा माझा अनुभव

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मोटर. माझी दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, १५ अश्वशक्तीची, बरीच वर्षं खाऱ्या पाण्यात चाललेली. तक्रार दुहेरी होती. आयडलवर, म्हणजे सर्वात कमी वेगात, मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार मलूल, जवळजवळ थेंबथेंब. आणि पूर्ण थ्रॉटलवर पाच-सात मिनिटांत जोर उतरायचा. असा जोर उतरला की थ्रॉटल त्याच क्षणी खाली घ्या. पिस्टन फुगून सिलिंडरला धरायला लागल्याची ती खूण असते, आणि तरीही रेटलं तर इंजिन जाम होतं. तापलेल्या हेडवर (सिलिंडरांच्या टोकावरच्या भागावर) थंड पाणी ओतू नका, हेड वाकू शकतं.

आधी सोपी कामं उरकली. धारेच्या भोकात जाड तंगूस घालून फिरवली. तिथे मीठ तरी साचतं, नाहीतर कुंभारमाशीची माती तरी. खालची पाणी ओढणारी जाळी साफ केली. प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाशी साधारण समपातळीत आहे हेही पाहिलं, कारण मोटर जास्त वर बसली तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. धारेत काही फरक पडला नाही.

मग पंप. याचं तंत्र कळलं की निम्मं निदान जागेवर होतं. इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, पंपाच्या घरात मध्यभागी नसतो, एका बाजूला सरकवलेला असतो. कमी वेगात रबरी पाकळ्या भिंतीला घासत पाणी दाबून पुढे ढकलतात. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने पाकळ्या आत वाकतात आणि पंप नुसत्या फेकीवर चालतो. म्हणून झिजलेला इंपेलर आधी आयडलवर उघडा पडतो. आमची मलूल धार हेच सांगत होती.

लोअर युनिट, म्हणजे पंप असलेला मोटरचा खालचा भाग, उतरवण्याआधी प्लगच्या वायरी काढल्या आणि गिअर रॉडचा जोड सोडवला. बोल्ट मिठाने धरलेले होते. अशा बोल्टवर जोर लावला की डोकं हातात येतं. गंजतेल रात्रभर मुरू दिलं, भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम गरम केलं, आणि पाव फेरा पुढे, पाव मागे असं करत एकेक काढला. आत इंपेलरच्या सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला लोळलेल्या होत्या, सुट्या करूनही सरळ होईनात. एकीचं टोक गायब. तो तुकडा सापडल्याशिवाय नवा इंपेलर बसवू नये, तो पाण्याच्या नळीतून वर जाऊन अडकतो. वरून नळीत हवा मारल्यावर नखाएवढं काळं रबर खाली पडलं.

खालच्या स्टीलच्या प्लेटवर नख अडकेल एवढी चर होती, म्हणून तीही बदलली. नवा इंपेलर बसवताना शाफ्टची चावी (इंपेलर शाफ्टला अडकवणारा छोटा धातूचा तुकडा) जागेवर आहे ना ते पाहा. ती पडली तर शाफ्ट फिरतो, इंपेलर नाही. पाकळ्यांना साबणपाणी लावलं आणि शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवत घर खाली दाबलं, म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला वाकतात. नळीच्या तोंडाचं रबर नवं घातलं. शाफ्टच्या वरच्या दात्यांना ग्रीस फक्त बाजूंनी लावा. माथ्यावर गोळा राहिला तर शाफ्ट पूर्ण वर बसत नाही.

पिंपात पंप बुडेल एवढं पाणी भरून मोटर चालू केली. कोरडी एक क्षणही चालवू नका, नवा इंपेलर तिथेच जळतो. धार जोरदार आली. आणि पाण्यात नेल्यावर पूर्ण थ्रॉटलला हेड पुन्हा ९० अंशांवर गेलं!

बहुतेक जण इथे फसतात. बऱ्याच मोटरींत धारेचं पाणी थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या झडपेच्या, आधीच फुटतं. धार एवढंच सांगते की पंप चालतोय. हेडमधून पाणी फिरतंय की नाही, ते तिला माहीत नसतं.

थर्मोस्टॅट काढला. त्यावर ५२ कोरलेलं होतं, म्हणजे ५२ अंशांना तो उघडायला लागायला हवा. दोऱ्याने टांगून, तळाला न टेकवता, थर्मामीटरसह पाण्यात तापवला. पाणी उकळलं तरी झडप केसभरच उघडली. आयडलची उष्णता तेवढ्यात निभायची, पूर्ण थ्रॉटलची नाही. तो काढून टाकून तसंच चालवायचा मोह टाळा. इंजिन थंड राहतं, इंधन नीट जळत नाही, प्लग काळे होतात.

थर्मोस्टॅटखाली पांढरा खार दिसल्यावर हेडचं झाकण उघडणं भाग होतं. वरच्या सिलिंडरभोवतीची वाट जवळजवळ बुजलेली होती. लाकडी पट्टीने खरवडलं, उरलेल्यावर थोडा वेळ व्हिनेगर ठेवून भरपूर पाण्याने धुतलं. जास्त वेळ ठेवलं तर आम्ल अ‍ॅल्युमिनियमही खातं. गॅस्केट नवं, बोल्ट मधून बाहेर, आलटूनपालटून, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने.

आता दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटलनंतर दोन्ही सिलिंडरांवर ६०च्या आसपास. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात १० ते १५ मिनिटं चालवतो, हेड हाताला गरम लागेपर्यंत. दोन मिनिटांत बंद केलं तर थर्मोस्टॅट उघडतच नाही, आणि हेडमधलं मीठ तिथेच राहतं.