पहिला आठवडा नुसतं बसायचं कशाला?

आमच्या बालवाडीत सरावासाठी येणाऱ्या मुलींच्या आया दरवर्षी विचारतात, "ताई, मुलगी शिकवायला येते आणि तुम्ही तिला वही देऊन कोपऱ्यात बसवता. ती शिकवणार कधी?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला, 'तुला काय येतं?' असं विचारून काही कळत नाही. प्रश्न संपायच्या आत ते उठून खिडकीशी जातं. ते काय करतं हे पाहत राहावं लागतं, आणि असं पाहणं शिकावं लागतं. पहिल्या दिवशी नव्या मुलींच्या वहीत हमखास शेरे असतात : हट्टी, लाजाळू, मारकुटा. मी एवढंच विचारते, "तू पाहिलंस काय?" मग दोन-तीन दिवसांनी वहीत उतरतं : 'लाल ठोकळा दुसऱ्याने उचलला. याने हात उगारला, माझ्याकडे पाहिलं, हात खाली घेतला.' एवढ्याशा जिवाने स्वतःला आवरलं, केवढी मोठी गोष्ट! 'मारकुटा' लिहून वही मिटली असती तर ती कुणाला दिसलीच नसती.

खेळाचंही तसंच. शेजारी बसून आपापले ठोकळे रचणारी दोन मुलं पाहिली की नवी मुलगी त्यांना एकत्र खेळवायला धावते. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच अशा शेजारी-शेजारी खेळण्याची वेगळी नोंद केली होती. लहान वयात ते अगदी स्वाभाविक आहे.

आपल्या वडोदऱ्यात तर पाहण्याची गरज जास्तच. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडचं मूल घरी मराठी बोलतं आणि बालवाडीत त्याच्या कानावर गुजराती पडतं. अशी काही मुलं कित्येक आठवडे वर्गात तोंडच उघडत नाहीत. घाईची बाई त्याला उभं करून 'बोल, बोल' करते आणि ते आणखी मिटतं. मला याचा फार त्रास होतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने अशाच एका मुलाची रोज नोंद ठेवली. गाण्याला त्याचे ओठ हलायचे. भातुकलीत कुणी गुजरातीत वाटी मागितली की तो वाटीच द्यायचा, चमचा नाही. म्हणजे समजत सगळं होतं. मग तिने गोष्ट सांगताना मुलांना उत्तराऐवजी खेळण्यातला प्राणी उचलायला सांगितला, आणि तो पहिल्यांदा आपणहून पुढे आला. बोलायला लागला दिवाळीच्या सुट्टीनंतर, तेही आधी मुलांशी, बाईंशी नंतर.

ही रीत माझ्या मनची नाही. गिजुभाई बधेकांनी भावनगरात १९२० साली बालमंदिर सुरू केलं, आपल्या ताराबाई मोडकांनी तिथे त्यांच्याबरोबर काम केलं. दोघांनाही इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या विचारातून हेच मिळालं होतं की मोठ्यांनी आधी मुलाकडे पाहावं. आपल्या सयाजीराव विद्यापीठातल्या मानवविकास विभागाची चेतन बालवाडीही विद्यार्थ्यांना मुलं जवळून पाहता यावीत म्हणून चालते.

तुमची मुलगी दुसऱ्या आठवड्यात चार-पाच मुलांचा गट घेईल, मग गोलातलं गाणं, गोष्ट आणि शेवटी अख्खी सकाळ. प्रत्येक वेळी टाचण, म्हणजे काय आणि कसं घेणार याची लेखी आखणी, आधी मला दाखवायचं. त्यात कुठल्या मुलासाठी काय आणि का, हे तिच्या वहीतून आलेलं नसेल, तर मी ते परत देते.