कानावर घातलं होतं

ऑक्टोबरमधला मंगळवार. मुलांच्या परीक्षा आणि शनिवारी घरच्या मैदानावर सामना, म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नाही. मी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात काम करते. काम काय, तर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या मागे लागून त्यांचा अभ्यास करून घेणं. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. सांगलीत आईला अजून वाटतं की मी पीटीची बाई आहे.

या मुलांचं सगळंच वेगळं. जेवणघर वेगळं, डॉक्टर वेगळे, न्हावीसुद्धा आत येऊन केस कापून जातो. अभ्यासिकाही त्यांची स्वतंत्र, कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही. सराव संपला की गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या प्लास्टिकने गुंडाळून ती येतात, आणि रात्री आठपर्यंत प्रत्येक टेबलाखालचा गालिचा ओला झालेला असतो. इथल्या कितीतरी राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, विद्यापीठाच्या संघाचा कोच असतो. हे माहीत असलं की बाकीचं आपोआप कळतं.

तर त्या दिवशी साडेचारच्या सुमारास आमच्याकडे शिकवणाऱ्या मुलींपैकी एक दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्या वर्षाला आहे, तासावर पैसे घेऊन खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवते. हातात त्या दिवशीचे सरावाचे कागद.

"मला चार नंबरच्या टेबलावर नका बसवू," ती म्हणाली. "बाकी कुठेही चालेल."

मी वैतागले. ते वेळापत्रक बसवण्यात माझा अख्खा रविवार गेला होता. स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "का गं? काय झालं?" उत्तर येईना, तेव्हा वर पाहिलं. ती जॅकेटची चेन अर्ध्यापर्यंत खाली ओढत होती, परत गळ्यापर्यंत वर नेत होती. खाली, वर. चार नंबरच्या टेबलावर कोण बसतो हे मला न बघताही माहीत होतं. आणि, आता लपवून काय करू, तो माझा आवडता विद्यार्थी होता. संख्याशास्त्रात नापास होता होता बी मिळवल्यावर फोन नाचवत सगळ्यांच्या आधी माझ्या खोलीत आलेला.

दर ऑगस्टला प्रशिक्षणात आमच्याकडून एक वाक्य घोकून घेतात. ते कधी खरोखर म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं. "तू पुढे काही बोलण्याआधी एक सांगते," मी म्हणाले. "तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहणार नाही. मला ते टायटल नाइनच्या कार्यालयाला कळवावंच लागेल. कुणाला न कळता बोलायचं असेल तर समुपदेशक आहेत, त्यांचा नंबर देते."

टायटल नाइन हा १९७२चा कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलंय. लैंगिक अत्याचाराची तक्रार संस्थेने दाबली तर तोही भेदभावच, हा अर्थ त्यातून पुढे निघत गेला. आमच्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे माझ्यासारख्या नोकरदाराला कळवणं बंधनकारक आहे.

तिची चेन थांबली. "मग असं समजा, मी काही बोललेच नाही," असं म्हणून ती गेली. कागद माझ्या टेबलावरच राहिले.

आता आली का पंचाईत! तिने काय सांगितलं? काहीच नाही. एका टेबलावर बसायचं नाही, एवढंच. एखादीला एखाद्याच्या घामाचा वास सहन होत नसेल, कुणी उर्मटपणे बोललं असेल. या एवढ्याशावर एका वीस वर्षांच्या मुलाचं नाव कुठे लिहायचं?

तेवढ्यात कोच आणि आमच्यामधला दुवा असलेले सहकारी आत डोकावले. त्यांनी तिला जाताना पाहिलं होतं. मी टेबलाबद्दल सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "अजून कुठे काही पाठवू नकोस. मी आधी कोचच्या कानावर घालतो. ते बघतील." माणूस वाईट नाही. माझी गाडी बर्फात अडकली तेव्हा रात्री अकराला न्यायला आलेला माणूस आहे. म्हणाले ते इंग्रजीत, पण मला ऐकू आलं ते मराठीतच: कानावर घालतो.

हे शब्द मला नवे नव्हते. इथे येण्याआधी चार वर्षं मी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात शिकवत होते. तिथेही कुठलीही नकोशी गोष्ट 'वरच्यांच्या कानावर' घातली जायची. कागदावर कधी यायची नाही. आपण आपलं कर्तव्य केलं, पुढे त्यांचं ते बघतील. आणि कान तर काय, एकातून ऐकून दुसऱ्यातून सोडायला मोकळे.

पेन स्टेट या पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठात नेमकं हेच झालं होतं. २००१च्या फेब्रुवारीत एका तरुण सहायकाने संघाच्या शॉवरमध्ये जेरी सँडस्की या निवृत्त प्रशिक्षकाला एका लहान मुलाबरोबर पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते जो पॅटर्नो यांच्या कानावर घातलं. पॅटर्नो म्हणजे संघाचे मुख्य कोच, तिथले जवळजवळ देवच, मैदानाबाहेर त्यांचा पुतळा होता. त्यांनी ते क्रीडा संचालकांच्या कानावर घातलं. तिथून ते विद्यापीठाच्या अध्यक्षांपर्यंत गेलं. दर पायरीला शब्द थोडा मऊ होत गेला. शेवटी ठरलं काय, तर सँडस्कीने मुलांना इथे आणू नये. पोलिसांना कुणी कळवलं नाही. त्याला अटक झाली २०११च्या नोव्हेंबरात, आणि पुढच्या जूनमध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या ४५ आरोपांवर तो दोषी ठरला. पॅटर्नोंवर गुन्हा दाखल झाला नाही, वरिष्ठांना सांगून त्यांनी कायद्यापुरतं केलंच होतं. त्यांना काढलं त्या रात्री विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी टीव्ही वाहिनीची गाडी उलटवली. रागावले होते ते कोचला काढलं म्हणून. एनसीएएने, म्हणजे विद्यापीठांमधल्या खेळांचे नियम बघणाऱ्या संस्थेने, पेन स्टेटला ६ कोटी डॉलरचा दंड केला आणि पॅटर्नोंच्या खात्यातले १११ विजय पुसून टाकले. २०१५मध्ये ते विजय परत दिले. विजय परत देता येतात.

दुसरं उदाहरण बेलरचं, टेक्सासमधलं. तिथे विद्यापीठानेच नेमलेल्या वकिलांनी २०१६मध्ये सांगितलं की फुटबॉलच्या लोकांनी काही वेळा तक्रार करणाऱ्या मुलींना किंवा त्यांच्या पालकांना स्वतःच गाठलं आणि पुढे काही कळवलं नाही. घरातलं घरात. कोच आर्ट ब्राइल्स यांची नोकरी गेली, पण जाताना तडजोडीचे दीड कोटीहून अधिक डॉलर घेऊन गेले. सगळ्यात मासलेवाईक आहे तो एनसीएएचा निकाल, २०२१चा. त्यांचं म्हणणं, तक्रारींकडे दुर्लक्ष फक्त फुटबॉलमध्ये नव्हतं, साऱ्या विद्यापीठातच होतं. तेव्हा खेळाडूंना खास सवलत मिळाली असं म्हणता येत नाही. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मी मोठ्यांदा हसले होते आणि शेजारच्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं होतं.

सहकारी गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली आणि फॉर्म उघडला. घटनेची तारीख: मोकळी. ठिकाण: मोकळं. साक्षीदार: मोकळं. मग खाली मोठा चौकोन, 'तुम्हाला काय समजलं ते लिहा'. मी लिहिलं, "ती घाबरलेली होती." खोडलं. घाबरलेली होती हे मला काय माहीत? "असं वाटतं की..." तेही खोडलं. शेवटी चार ओळी उरल्या: ती किती वाजता आली, काय म्हणाली तिच्याच शब्दांत, मी काय म्हणाले, ती काय म्हणून गेली. चेनबद्दल लिहावं की नाही यावर बराच वेळ घुटमळले. लिहिलं. त्याचं नावही लिहिलं, 'चार नंबरच्या टेबलावर बसणारा विद्यार्थी' म्हणून. त्याने काही केलंय असं लिहिलं नाही. मग पाचवी ओळ घातली: हे कोचना आधी सांगावं असं मला एका सहकाऱ्याने सुचवलं. ते बटण दाबताना बोट जास्त जड झालं, मुलाच्या नावापेक्षाही.

दोन मिनिटांत उत्तर आलं. नोंद मिळाली, आभारी आहोत, यापुढची माहिती गोपनीयतेमुळे तुम्हाला देता येणार नाही.

आणि खरंच दिली नाही. तिने त्या कार्यालयाला उत्तर दिलं का, तिने तक्रार केली का, तसं काही घडलंच होतं का, मला आजही ठाऊक नाही. तक्रार झाली असती तर पुढे सुनावणी असते, दोन्ही बाजूंच्या सल्लागारांकडून उलटतपासणी असते, २०२०च्या नियमांप्रमाणे. मुलीला ती नको असू शकते. मुलालाही आपली बाजू मांडायचा हक्क असतो, आणि तो असायलाच हवा. मात्र टेबल बदलायला सुनावणी लागत नाही. त्या संध्याकाळी मी चार नंबरचं टेबल दुसऱ्या मजल्यावर हलवलं, मुलाला म्हणाले, खाली गालिचा वाळवायचाय. तो म्हणाला, "ओके, मॅम," आणि लंगडत जिना चढला. बर्फाची पिशवी ठिबकत होती.

शनिवारी तो खेळला. आम्ही जिंकलो. माझं घर मैदानापासून दोन मैलांवर आहे, खिडक्या बंद असल्या तरी आवाज येतो. मी पोळ्या लाटत होते, नवऱ्याने टीव्ही लावलेला. त्याला काही सांगता येत नव्हतं.

मुलीने डिसेंबरात काम सोडलं. कारणाच्या रकान्यात 'अभ्यास' लिहिलं होतं. तिचे ते कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

जानेवारीत एकदा जिन्यात ते सहकारी भेटले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ऑक्टोबरात कुणीतरी फॉर्म भरला. मलाही बोलावलं होतं. कुणी भरला, काही कल्पना?"

"मी भरला," मी म्हणाले.

ते क्षणभर गप्प राहिले. रागावले नाहीत, दुखावल्यासारखे दिसले. "अगं, निदान आधी माझ्या कानावर तरी घालायचंस," म्हणाले, आणि कार्ड लावून आत गेले.