पाच व्होल्ट कुठे मोजले ते आधी सांगा

तीन रविवार गेले माझे या भानगडीत. किट आहे आरसी२०१४, म्हणजे झेड८० या जुन्या प्रोसेसर चिपवर चालणारा छोटा कॉम्प्युटर, ब्रिटनमधल्या स्पेन्सर ओवेननी डिझाइन केलेला. एक आडवा बॅकप्लेन, म्हणजे सगळ्यांना जोडणारा मूळ बोर्ड, त्यात उभी कार्डं खोचायची, एकावर सीपीयू, एकावर रॅम, एकावर रॉम, एकावर क्लॉक, एकावर सिरियल, आणि माझ्याकडे शेवटी एक कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाचं मॉड्यूल. सगळं आपण स्वतः सोल्डर करायचं. डिप्लोमाला आमच्या लॅबमध्ये ८०८५ प्रोसेसरचं किट होतं, सात सेगमेंटचे लाल आकडे आणि हेक्सचा कीपॅड, त्याला वेगळा भलामोठा पॉवर सप्लाय, आणि सर पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगायचे की आधी सप्लाय मोजा मग किट जोडा. पंचवीस वर्षांनी तेच विसरलो.

झालं असं की बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा एकदम मस्त चालत होती. रॉमचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बेसिकवर, लॅपटॉपवरचं टर्मिनल ११५२०० च्या सिरियल वेगावर, रीसेट दाबलं की १९७८ चं मायक्रोसॉफ्टचं बेसिक समोर हजर. पण जंपर बदलून फ्लॅश कार्डावरून सीपी/एम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम लोड करायला गेलं की कधी अर्ध्यात अडकायचं, कधी स्क्रीनवर कचरा यायचा, कधी आपोआप रीसेट. मी धरून बसलो की सोल्डरचा एखादा जोड कोरडा, म्हणजे कच्चा राहिलाय. मग काय, सगळे जोड परत गरम केले, फ्लक्स लावला, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशनी बोर्ड घासून काढले, बॅकप्लेनवरच्या कनेक्टरची एकेक पिन मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (जोड अखंड असला की मीटर वाजतो) वाजवून पाहिली. सगळं वाजत होतं आणि सीपी/एम काही येत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी दुपारी मल्टिमीटरचे प्रोब सरळ झेड८० च्या पायांवर टेकवले. ११ नंबरचा पाय पाच व्होल्टचा, २९ नंबरचा ग्राउंड. बेसिक चालू असताना ४.७ च्या वर. कार्डाचं मॉड्यूल लावलं तर ४.५१. आणि सीपी/एम लोड व्हायला लागलं, कार्डावरचा एलईडी लुकलुकला, की आकडा ४.३ च्या घरात जाऊन परत वर. मीटर तर सावकाश दाखवतो, त्यामुळे खरी बुडी त्याहून खोल असणार. आता ही सीमॉस झेड८० पाच व्होल्ट अधिक-उणे दहा टक्के मागते, म्हणजे ४.५ ते ५.५, आणि आजूबाजूच्या ७४एचसीटी जातीच्या छोट्या लॉजिक चिप्सनाही खालून ४.५ च लागतात. म्हणजे चिपचा काही दोष नव्हता, ती बिचारी उपाशी होती.

चार्जरच्या तोंडाशी मोजलं तर ४.९६! मग मधले साडेचार दशांश व्होल्ट गेले कुठे तर केबलमध्ये. घरातल्या खणात सापडलेली दोन मीटरची, कसलीही छपाई नसलेली पांढरी केबल मी वापरत होतो, लांब आहे म्हणून बरी पडते म्हणून. नंतर ती कापली तर आतल्या तारा केसासारख्या. साधा हिशोब आहे, २८ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचा आकडा) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.२१ ओहम, पण करंट जातोही आणि परतही येतो, म्हणजे दोन मीटर केबलला चार मीटर तार, ०.८५ ओहम झाले. माझं किट कार्डासकट ३३० मिलिअँपिअर घेतं, म्हणजे पाव व्होल्टपेक्षा जास्त तिथेच गेला. आणि माझी केबल तर २८ पेक्षाही बारीक होती. फोनला याने फरक पडत नाही, आत बॅटरी आणि चार्जिंगचं सर्किट असतं, तो हळू चार्ज होतो एवढंच. पण या किटमध्ये यूएसबीचे पाच व्होल्ट थेट चिपच्या पायावर येतात, मधे कोणीही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. दुकानातल्या पोरानी विचारलं, "काका, चार्जिंगची पाहिजे का डेटाची?" म्हटलं, दादा, मला केबलवरची छपाई वाचू दे फक्त. चांगल्या केबलच्या अंगावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, २८ एडब्ल्यूजी १पी आणि २४ एडब्ल्यूजी २सी असं काहीतरी, एडब्ल्यूजी म्हणजे तोच गेज. पहिला आकडा डेटाच्या जोडीचा, दुसरा पॉवरच्या दोन तारांचा. तो दुसरा बघायचा, आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड. सात-आठ केबली चाळल्यावर एक मीटरची २४ वाली मिळाली. घरी येऊन बूटसुद्धा न काढता लावली. पायांवर ४.८८. आणि सीपी/एमचा ए प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञेला तयार असल्याची खूण, आला. डीआयआर टाइप केलं, फायलींची यादी सरसर आली, आणि मी ते पाच-सहा वेळा परत परत केलं.

यानंतर मला पॉवरचा नादच लागला, त्यातल्या काही गोष्टी इथे लिहून ठेवतो, कुणाचे तरी रविवार वाचतील.

व्होल्टेज बुडतंय हे कळायच्या आधी मी बॅकप्लेनवर हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, टाकला होता, म्हटलं झटके झेलेल. तर लॅपटॉपच्या पोर्टला लावल्याबरोबर पोर्ट बंद, जास्त करंटचा मेसेज. रिकामा कपॅसिटर सुरुवातीच्या क्षणी जवळजवळ शॉर्टसारखाच वागतो, म्हणूनच यूएसबीच्या नियमात जोडल्या जाणाऱ्या वस्तूवर थेट १० मायक्रोफॅरडपर्यंतचीच मुभा आहे. तो मोठा कपॅसिटर काढला, प्रत्येक चिपजवळचे १०० नॅनोफॅरडवाले छोटे मात्र अजिबात काढू नका, ते हवेतच.

टाइप-सीचं सॉकेट लावायचं असेल तर सीसी१ आणि सीसी२ या दोन्ही पिनांवरून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लागतो, दोघांना वेगवेगळा. तो नसेल तर सी-टू-सी केबलवर चार्जर पॉवर सोडतच नाही, कारण समोर कोणी आहे हे त्याला कळतच नाही. गंमत म्हणजे जुन्या ए-टू-सी केबलवर तेच सॉकेट व्यवस्थित चालतं, त्यामुळे माणूस चार्जरलाच दोष देत बसतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ब्रेकआउटवर (सॉकेट बसवलेला छोटा बोर्ड) हे रेझिस्टर असतीलच असं नाही, भिंगातून बघून घ्या.

फास्ट चार्जरची भीती बऱ्याच जणांना वाटते, ती नको. तोही सुरुवात पाच व्होल्टनीच करतो, समोरच्यानी मागितल्याशिवाय वर जात नाही. भीती बाळगायचीच तर त्या ट्रिगर केबलींची, ज्या स्वतःच चार्जरकडून ९ नाहीतर १२ व्होल्ट मागून घेतात. झेड८० ची सहनशक्ती ७ व्होल्टला संपते. १९७६ साली आलेली ही चिप झायलॉगनी २०२४ च्या एप्रिलमध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं, शेवटच्या ऑर्डरी त्या जूनपर्यंतच घेतल्या, तेव्हा हातातली जपायला हवी. माझ्याकडे दोनच आहेत.

पॉवर बँकेवर एक वेगळाच अनुभव. लाइट गेले म्हणून किट त्यावर लावलं, कार्डाचं मॉड्यूल काढलेलं होतं, तर अर्ध्या मिनिटात बंद. परत बटण दाबलं, परत बंद. करंट फार कमी आहे म्हणजे फोन भरला असं समजून ती झोपी जाते. कार्ड लावलं की चालू राहते.

आता शेवटची गोष्ट, आणि मला सगळ्यात आवडलेली. सिरियलसाठी लॅपटॉपपासून येणारी एफटीडीआयची यूएसबी-ते-सिरियल केबल असते, तिच्यातही पाच व्होल्टची तार असते आणि सिरियल कार्डावरच्या जंपरनी ती किटला देता येते. चार्जर वापरत असाल तर हा जंपर काढाच, नाहीतर दोन वेगळे सप्लाय एकमेकांत ढकलाढकली करतात. मी तो काढलेला होता. तरी एका रात्री चार्जर उपटला आणि लेक म्हणाली, "बाबा, हा दिवा का नाही विझला?" बघतो तर पॉवरचा एलईडी अगदी मंद, अंधारातच दिसेल इतका, पण चालू. पॉवरची वायर तर कुठलीच नाही! मग ट्यूब पेटली. सिरियलची लाइन निवांत असताना वर असते, पाच व्होल्टवर. लॅपटॉपचं ते टोक सिरियल चिपच्या इनपुट पायात करंट सोडत होतं, आणि तो पायाच्या आतल्या संरक्षक डायोडमधून वाट काढून सगळ्या बोर्डाच्या पाच व्होल्टच्या लाइनवर पसरत होता. मोजलं तर २.२ व्होल्ट.

लेकीनी संध्याकाळी बेसिकमध्ये बाराचा पाढा छापणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. चार्जर परत लावला तर बेसिकनी विचारलं, कोल्ड का वॉर्म, म्हणजे कोरी सुरुवात का आधीचंच पुढे? वीज जाऊन आल्यावर हा प्रश्न येताच कामा नये, कारण रॅम पुसलेली असते, बेसिकला आधीची खूण सापडतच नाही. डब्ल्यू म्हणजे वॉर्म दाबून, प्रोग्राम दाखवणारी लिस्ट आज्ञा दिली. चारच्या चार ओळी तशाच! ही ६२२५६ जातीची रॅम दोन व्होल्टवरसुद्धा आतलं धरून ठेवते, वाचता-लिहिता येत नाही पण विसरत नाही. तेवढ्या मंद उजेडावर तिनी बाराचा पाढा सांभाळून ठेवला होता. लेक टाळ्या वाजवायला लागली, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

पण हे असं ठेवणं बरोबर नाही, चिपच्या त्या डायोडवर भार येतो आणि लाइन पूर्ण शून्यावर न गेल्यामुळे पॉवर-ऑन रीसेटही नीट होत नाही. दुसऱ्या दिवशी त्या सिरियल लाइनमध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर घातला. ११५२०० वर काही फरक पडला नाही, अक्षरं तशीच स्वच्छ येतात. रात्री खोलीतला दिवा बंद करून आम्ही दोघांनी चार्जर उपटला आणि बघत बसलो. एलईडी पूर्ण काळा. परत लावल्यावर बेसिकनी कोल्ड-वॉर्म विचारलं नाही, सरळ मेमरी टॉप (मेमरी कुठपर्यंत वापरायची) मागितला, म्हणजे कोरी सुरुवात, आणि लेकीनी वही उघडून पहिली ओळ परत टाइप करायला घेतली.