तो हात राणी केतेवानचाच कशावरून?

पाहुण्यांना जुन्या गोव्यात नेलं की सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापाशी मी जॉर्जियाच्या राणी केतेवानची हकिगत सांगते. ती संपायच्या आत कुणीतरी विचारतंच, इथे सापडलेलं हाड तिचंच हे कशावरून? तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

जॉर्जियातल्या काखेती राज्याची ही राणी इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. ख्रिस्ती धर्म सोडायला तिनं साफ नकार दिला, तेव्हा १६२४ साली शिराजमध्ये हालहाल करून तिला मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि उजव्या हाताच्या अस्थी १६२७ मध्ये गोव्यातल्या आपल्या, म्हणजे याच सेंट ऑगस्टीनच्या मठात आणल्या.

डीएनएचं नाव लगेच सगळ्यांच्या तोंडी येतं. मला मात्र जुन्या कागदांचं मोल जास्त वाटतं, कारण ते नसते तर तपासायला हाड कुठलं घेणार होतो? पोर्तुगीज नोंदींत जागा नेमकी दिली आहे: मठातल्या चॅप्टर चॅपेल या प्रार्थनाघराची दुसरी खिडकी, तिथे काळ्या दगडाची पेटी. पण १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा खाली आला. जांभ्याच्या त्या ढिगाऱ्यात खिडकी ओळखायची कशी? पुरातत्त्व खात्यानं वर्षानुवर्षं माती-दगड उपसले, हळूहळू खोल्यांचा आराखडा दिसू लागला आणि २००४ मध्ये ती खिडकी सापडली. पेटी जागेवर नव्हती. तिचं झाकण आणि हाडांचे तुकडे जवळच पडलेले होते.

आता मठ म्हटला की हाडं पाद्र्यांचीही असणारच. म्हणून हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत तपासणी झाली. हाताचं हाड बाईचं निघालं. पुरुषांच्या मठात ही गोष्ट लहान नाही. मग मायटोकाँड्रियल डीएनए पाहिला. हा फक्त आईकडून येतो, त्यामुळे आई, आजी, पणजी असा माग काढता येतो. त्यात यू१बी नावाचा वंशगट आढळला, म्हणजे आईकडून चालत आलेली एक वंशशाखा. भारतातल्या २२ हजारांहून अधिक नमुन्यांत तो कुठेच नव्हता. जॉर्जियातल्या ३० जणांत दोघांकडे होता.

एवढ्यानं राणीचं नाव सिद्ध होत नाही, आणि हे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगते. हा गट बाई साधारण कुठल्या मुलखातली ते सांगतो, ती कोण ते नाही. तेवढ्यासाठी केतेवानच्या आईकडच्या नात्यातल्या कुणाचा तरी डीएनए जुळवायला हवा होता. पण कागदात लिहिलेली जागा, पेटीचं झाकण, बाईचं हाड आणि भारतात न आढळणारा वंशगट हे सगळं एकाच ठिकाणी जमून यावं आणि ती राणी नसावी, हे मला पटत नाही. २०१४ मध्ये निघालेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच संशोधकांनी ‘बहुधा’ हा शब्द ठेवला, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

जॉर्जियात ती संत आहे. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत जाऊन अवशेषांचा एक भाग तिथल्या सरकारला भेट दिला. माझ्या मते भारतानं हे फार चांगलं केलं.