कामिनितो देल रेय: पायाखालची जुनी वाट

हेल्मेटखाली घालायची पातळ टोपी ताईने दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "मध्येच भीती वाटली तर परत फिरता येतं ना गं?" मी हेल्मेटचा पट्टा बांधण्यात गुंतले. ही वाट एकाच दिशेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे चालायची असते, हे मी तिला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

स्पेनच्या मालागा प्रांतात ग्वादालोर्से नदीने चुनखडीचा डोंगर कापून अरुंद घळ केली आहे. तिच्या कड्याला ही फळ्यांची वाट चिकटवली आहे. सगळी मिळून चाल 7.7 किलोमीटरची, पण त्यात आधीची जंगलवाट आणि शेवटची उतरणही आली. चढ फारसा नाहीच. सह्याद्रीत दम काढणाऱ्यांना ही सहलच वाटेल, फक्त खाली पाहू नये.

मी पाहिलं. शंभरेक मीटर खाली हिरवट पाणी होतं, पण नजर अडकली त्याच्या बरीच अलीकडे. नव्या फळ्यांच्या अगदी खाली जुनी वाट अजून लटकलेली आहे. जेमतेम मीटरभर रुंद, कुठे काँक्रीट गळून नुसत्या लोखंडी आडव्या तुळया उरलेल्या, कठडा नाही. गाईडचा आवाज कानातल्या यंत्रातून येत होता: 1901 ते 1905 या काळात ही वाट बांधली ती वीजनिर्मितीच्या कामगारांना येण्याजाण्यासाठी, सामान वाहण्यासाठी. 1921 मध्ये राजा तेरावा अल्फोन्सो धरणाच्या उद्घाटनाला आला, म्हणून नाव पडलं कामिनितो देल रेय, म्हणजे 'राजाची छोटी वाट'. कामगार त्याआधी वर्षानुवर्षं येजा करत होते, नाव मात्र पाहुण्याचं. पुढे वाट मोडकळीला आली, धाडस करायला आलेले काहीजण पडून दगावले आणि शेवटी ती बंद झाली. नवी वाट 2015 मध्ये उघडली.

मधल्या दरीत जरा श्वास घेता येतो. झाडं, सावली, शेजारून जुना कालवा. ताई इथेच पहिल्यांदा बोलली, तेही "पाणी दे" एवढंच.

मग गायतानेसची घळ. आपल्याकडे एखादं गिधाड दिसलं की फोटो गटागटांतून फिरतो. इथे ती आमच्या पायाखालून घिरट्या घालत होती, त्यांची पाठ दिसत होती! गाईडने कातळातला अमोनाइटचा, म्हणजे शंखासारखं कवच असलेल्या प्राचीन समुद्री जीवाचा, ठसा दाखवला. हा सगळा दगड कधीकाळी समुद्राचा तळ होता. ताईने कातळाला हात लावला आणि तो तसाच ठेवून पुढे सरकत राहिली.

शेवटी झुलता पूल. वारा सुटला होता, जाळीतून खालची घळ दिसत होती. माझेच पाय जड झाले. ताई मात्र समोर बघत सरळ चालत गेली आणि पलीकडून ओरडली, "अगं, ये की! परत फिरता येत नाही म्हणे!"

तिला कुणी सांगितलं, कोण जाणे.