सॅन डिएगोत माझा सर्फबोर्ड कसा ठरला

इथे सॅन डिएगोत मी सर्फिंग शिकले ते ला होया शोअर्सला, भाड्याच्या ८ फुटी फोम बोर्डवर. खाली वाळू, लाटा मऊ, शिकायला एकदम मस्त जागा. स्वतःचा बोर्ड घ्यायचं ठरलं तेव्हा दुकानात नुसते प्रकारच प्रकार, आणि जो तो विचारतो किती फुटी लाटेसाठी हवाय. मला विचाराल तर उंची नंतर बघा, आधी लाटेत जोर किती आहे आणि ती उभी किती होते ते बघा.

त्यासाठी मी सकाळी टॉरी पाइन्सच्या बोयाचे, म्हणजे समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे बघायला लागले, स्क्रिप्स या इथल्या समुद्रविज्ञान संस्थेच्या साइटवर फुकट मिळतात. त्यात लाटेची उंची असते आणि दोन लाटांमधलं सेकंदांचं अंतर. ३ फूट ८ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठलेलं पाणी, दम नाही. तेच ३ फूट १५ सेकंद असेल तर ती लाट हजारो किलोमीटरवरच्या वादळातून आलेली असते, तिची ताकद पाण्यात खोलवर असते आणि उथळ लागलं की ती चांगलीच उंच होऊन फुटते.

त्यात जागेचा फरक. शोअर्सच्या उत्तरेला ब्लॅक्स बीच आहे, तिथे समुद्राखाली स्क्रिप्स कॅनियन ही खोल घळ, घळीवरून लाट वेगात येते, बाजूच्या उथळात मंदावते, म्हणून वळते आणि सगळा जोर ब्लॅक्सच्या पट्ट्यात जमा होतो. एकाच सकाळी शोअर्सला कमरेएवढी लाट आणि ब्लॅक्सला डोक्याच्या वर, हे मी स्वतः पाहिलंय!

मग मी बोर्ड भाड्याने घेऊन घेऊन बघितले. ९ फुटी लाँगबोर्ड टूरमलिन बीचला, कारण तिथली लाट हळू आणि लांबपर्यंत उतरती, लांब बोर्ड लवकर उचलला जातो. नंतर तीन फिनवाला (फिन म्हणजे बोर्डखालचे पर) शॉर्टबोर्ड, १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने ज्यावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली तो प्रकार. याला रॉकर जास्त, म्हणजे नाक आणि शेपटी वर वळलेली, त्यामुळे उभ्या लाटेवरून उतरताना नाक पाण्यात घुसत नाही, पण मऊ लाटेत तोच बोर्ड पाणी ढकलत बसतो, वेगच येत नाही.

आणि मग फिश. हा इथलाच, स्टीव्ह लिसने १९६७ च्या सुमारास गुडघ्यांवर बसून चालवायला बनवलेला. आखूड, रुंद, जवळजवळ सपाट, शेपटी माशासारखी दुभंगलेली, दोन फिन. जोर नसलेल्या लाटेतही पळतो, कारण रुंदीमुळे तरंगतो छान आणि सपाट असल्यामुळे अडत नाही. शेपरने, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्याने, आधी माझं वजन विचारलं, मग कुठल्या बीचवर जाते ते, आणि ५ फूट ८ इंचाचा, साधारण ३५ लिटर आकारमानाचा सुचवला. तोच घेतला, सोबत जुना लाँगबोर्ड. पैसे एकाच बोर्डचे असतील तर इथल्या उन्हाळ्यासाठी मी फिशच सांगेन.

आता भरतीला लाट जाडी आणि मंद असेल तर लाँगबोर्ड, ओहोटीकडे पाणी जाताना कमरेपासून छातीपर्यंत असेल आणि सकाळचा मतलई वारा असेल तर फिश. दुपारी खारा वारा सुटला की मी जातच नाही. हिवाळ्यात ब्लॅक्सला मोठं पाणी येतं तेव्हा फिश शेपटीकडून सुटतो, उभ्या भिंतीत धरत नाही, त्यासाठी ६ फूट ४ इंचाचा, अरुंद, गोल शेपटीचा बोर्ड बघून ठेवलाय, नोव्हेंबरच्या आत घ्यायचाय.